व्हील बॅलन्सिंगच्या पद्धती

व्हील बॅलन्सिंग म्हणजे टायर आणि रिम मिळून जे चाक होतं त्याचं वजन फिरताना सगळीकडून सारखं पडावं म्हणून रिमला छोटी छोटी वजनं लावणं. टायरच्या दुकानात 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' हे एका दमात बोललं जातं त्यामुळे बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतं, पण अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन, ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने खातो. बॅलन्सिंग गेलं की गाडी थरथरते, तेही बहुतेक वेळा ताशी 80-100 किलोमीटरच्या आसपास. स्टेअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं, हा ढोबळ अंदाज झाला.

एवढ्याशा वजनाने काय होतंय असं वाटत असेल तर हिशोब बघा. 15 इंची रिमच्या कडेला 50 ग्रॅमचा फरक असेल आणि गाडी ताशी 100 ने पळत असेल तर चाक सेकंदाला साधारण 15 वेळा फिरतं आणि ते 50 ग्रॅम जवळपास 8 किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचत असतं, प्रत्येक फेऱ्यात. स्पीड दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, म्हणून गल्लीत काही कळत नाही आणि एक्सप्रेसवेला लागलं की कळतं.

सगळ्यात जुनी सोपी पद्धत स्टॅटिक. चाक आडवं ठेवायचं, मधे पाणसळीसारखा बुडबुडा असतो, तो मधोमध येईपर्यंत हलक्या बाजूला वजन ठेवत जायचं. मशीन स्वस्त, वीज लागत नाही. पण समजा चाकाच्या आतल्या कडेला वरच्या बाजूला जास्त वजन आहे आणि बाहेरच्या कडेला बरोबर त्याच्या समोर, खालच्या बाजूला तेवढंच, तर बुडबुडा म्हणणार सगळं ठीक, आणि पळताना चाक मात्र डावी-उजवीकडे डुलणार. बाइकचं चाक अरुंद असतं म्हणून तिथे स्टॅटिकने भागतं, कारच्या रुंद चाकाला नाही.

म्हणून आता जवळपास सगळीकडे डायनॅमिक, म्हणजे कॉम्प्युटर बॅलन्सिंग. चाक मशीनच्या शाफ्टवर कोनने (म्हणजे रिमच्या मधल्या भोकात जाणाऱ्या शंकूच्या आकाराच्या तुकड्याने) बसवतात, रिमचा व्यास, रुंदी आणि मशीनपासूनचं अंतर भरतात, चाक फिरवतात, की आतल्या आणि बाहेरच्या बाजूला कुठे किती ग्रॅम लावायचे ते स्क्रीनवर येतं. इथे खरी गंमत अशी की मशीन चुकत नाही, बसवणारा चुकतो. कोन नीट बसला नाही, रिमच्या भोकात गंज किंवा माती राहिली की मशीन त्या तिरक्या बसलेल्या चाकालाच बॅलन्स करून देतं आणि '0-0' दाखवतं. तपासायचं असेल तर शून्य आल्यावर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा, आकडे बरेच बदलले तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं. शिवाय बरीच मशीन्स 5 ग्रॅमच्या आतला फरक आपोआप शून्य धरतात, तो बघायला वेगळं बटण दाबावं लागतं.

ऑन-कार पद्धतीत चाक गाडीवरच ठेवून मोटरने फिरवतात, त्यामुळे ब्रेक डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचा असमतोलही त्यात येतो. तोटा हा की चाक काढून दुसऱ्या जागी लावलं, किंवा त्याच हबवर फिरवून लावलं, की केलेलं काम वाया.

रोड फोर्स ही महागडी पण सगळ्यात जास्त सांगणारी पद्धत. अमेरिकेतल्या हंटर कंपनीच्या मशीनमुळे हे नाव रुळलं. यात फिरत्या टायरवर एक रोलर जोरात दाबतात, म्हणजे रस्त्यावर गाडीचं वजन पडतं तसं. टायरची बाजू एखाद्या जागी कडक असेल किंवा रिम गोल नसेल तर वजन लावून ते कधीच जाणार नाही, ते फक्त इथेच दिसतं. मग टायर रिमवर फिरवून एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट भागावर आणतात. नव्या टायरवर रंगाचे ठिपके असतात तेही टायर रिमवर कसा जुळवून बसवायचा हे कळायला, पिवळा ठिपका म्हणजे साधारणपणे टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हपाशी आणतात.

टायरच्या आत काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक मणी टाकायचा प्रकार ट्रकवाल्यांमध्ये चालतो, फिरताना ते आपोआप योग्य जागी सरकतात. कारला तो फारसा वापरत नाहीत. आत ओल गेली की मणी चिकटतात, आणि कमी स्पीडला तसाही उपयोग नाही.

वजनं पूर्वी शिशाची असायची, म्हणून आजही 'शिसं लावलं' असंच म्हणतात. युरोपियन युनियनने 2005 पासून कारसाठी शिशाची वजनं बंद केली, आता जस्त किंवा स्टीलची येतात. लोखंडी रिमला ठोकून बसवायची, अलॉयला आतून चिकटवायची. चिकटवायच्या आधी रिम पुसून घेतली नाही तर पहिल्या पावसात, नाहीतर पहिल्या मोठ्या खड्ड्यात ती गळून पडतात. आणि पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक थरथर सुरू झाली असेल तर दुकानात जायच्या आधी रिमच्या आत वाळलेला चिखल साचलाय का ते बघा, नुसत्या पाण्याच्या जोरानेही बॅलन्स परत येतो.