हायड्रोजनची ऊर्जा जाते कुठे?

हायड्रोजनचा एकटा अणू सोन्याच्या पृष्ठभागावर वेगाने आदळला, तर काय होईल? सोन्याचा अणू त्याच्यापेक्षा जवळपास 195 पट जड. टक्कर अगदी समोरासमोर झाली, तरी यांत्रिकीच्या हिशेबाने हायड्रोजनची जेमतेम 2 टक्के ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे तो जवळजवळ त्याच वेगाने उसळायला हवा. पण हायड्रोजनचे अणू धातूंना सहज चिकटतात. आणि चिकटायचं, तर अंगातली ऊर्जा कुठेतरी टाकावीच लागते.

हा प्रश्न संगणकावर मांडायचा कसा? खऱ्या धातूच्या तुकड्यात अब्जावधींनी अणू. ते सगळे घेणं अशक्य. म्हणून अणूंच्या चार-पाच थरांची एक पातळ चकती घेतात आणि फरशीवरच्या नक्षीसारखी ती चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा जोडली आहे असं मानतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढणंही हाताबाहेरचं. तिथे भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांचा विचार कामी येतो. 1964 आणि 1965 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की, कुठे किती इलेक्ट्रॉन आहेत एवढी घनता कळली, तरी पदार्थाची ऊर्जा काढता येते. या कामासाठी त्यांना 1998 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला ही विसाव्या शतकातली फार सुंदर कल्पना वाटते.

ऊर्जा कळली की बल कळतं, बल कळलं की अणू थोडा पुढे सरकवायचा, आणि पुन्हा तेच गणित. हायड्रोजन इतका चपळ की हे पाऊल एक फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश, किंवा त्याहूनही लहान ठेवावं लागतं.

या गणितात एक गृहीतक मात्र दडलेलं असतं: इलेक्ट्रॉन अतिशय हलके, त्यामुळे अणू हलला की ते तत्क्षणी नव्या जागी शांतपणे स्थिरावतात. बहुतेक ठिकाणी हे चालून जातं, धातूत ते अडतं. धातूतल्या इलेक्ट्रॉनांना लगेच वरच ऊर्जेच्या रिकाम्या पातळ्या असतात. जवळून गेलेल्या अणूचा किंचितसा धक्काही त्यांना वर ढकलायला पुरतो. तेवढी ऊर्जा अणूच्या खात्यातून वजा होते.

2015 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी हे प्रयोगाने पडताळलं. हायड्रोजनचे अणू त्यांनी सोन्यावर सोडले, आणि झेनॉन या वायूच्या गोठलेल्या थरावरही. झेनॉन विद्युतरोधक, त्याच्या इलेक्ट्रॉनांना वरची पातळी गाठायला फार मोठी उडी लागते. तिथून हायड्रोजन किरकोळ ऊर्जा गमावून परतला, अगदी साध्या टकरीच्या हिशेबाइतकी. सोन्यावर मात्र त्याने कितीतरी जास्त ऊर्जा घालवली. आकडेमोडीत इलेक्ट्रॉनांचं हे ओढणं 'घर्षण' म्हणून मिसळलं, तेव्हाच ती प्रयोगाशी जुळली. चिखलातून धावणाऱ्याचा वेग जसा मंदावतो, तसा अणू धातूच्या इलेक्ट्रॉनांमधून जाताना मंदावतो, आणि पुरेसा मंदावला की तिथेच अडकतो.