शाळेचा फॉर्म बी जुलैत द्यायचा, पण काम मेमध्येच उरका: कोणी द्यायचा, कागदपत्रं काय आणि सुट्टीतलं वेळापत्रक कसं लावायचं

जुलै उजाडला की मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो, फॉर्म बी (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) कुठून घेतला, किती लागले, दोन दिवसात मिळेल का. तोपर्यंत शाळा सुरू होऊन वर्ग भरलेले असतात, पाऊस चालू असतो, आणि अशा वेळी वायरिंग उघडणं, पंप चालवून बघणं, जिन्यातलं सामान हलवणं यातलं काहीच नीट होत नाही. मग एजन्सीचा माणूस येतो, आग विझवायच्या सिलिंडरवर नवीन स्टिकर चिकटवतो आणि कागद देऊन जातो. हे टाळायचं असेल तर उन्हाळी सुट्टीच धरावी लागते, आणि सुट्टी धरायची तर तयारी एप्रिलमध्ये.

आधी कायदा थोडक्यात. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे आणि त्याखालचे नियम २००९ चे. त्यातल्या कलम ३ प्रमाणे इमारतीचा मालक किंवा वापरणारा यानं आगीपासून बचावाची सगळी यंत्रणा बसवायची आणि ती कायम चालू स्थितीत ठेवायची. यंत्रणा बसवली, नियमाप्रमाणे आहे, याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ए, आणि ती अजून नीट चालतेय याचं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म बी. बस, एवढंच. पण गोंधळ इथेच होतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फॉर्म बी अग्निशमन दल देतं. तसं नाही, तो लायसन्स असलेली एजन्सी तपासणी करून देते आणि आपण तो अग्निशमन कार्यालयात जमा करायचा असतो. ‘एनओसी रिन्यू करायचीय’ असं जे सगळे बोलतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच फॉर्म बी असतो.

शाळांसाठी यावर सुप्रीम कोर्टाचा वेगळा निकालही आहे. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या याचिकेत १३ एप्रिल २००९ ला कोर्टानं सांगितलं की शाळा सरकारी असो की खासगी, आग विझवायची साधनं हवीत, इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या सुरक्षा निकषांत बसायला हवी आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना ती साधनं वापरता यायला हवीत. त्यामुळे गावातल्या दोन खोल्यांच्या झेडपी शाळेला आजवर कोणी फॉर्म बी मागितला नसेल तरी सिलिंडर, वायरिंग आणि मोकळी वाट ही जबाबदारी काही चुकत नाही.

आता हे कोणी करायचं. इमारत संस्थेची असेल तर संस्थेचा सचिव किंवा त्यानं अधिकारपत्र दिलेला मुख्याध्यापक. झेडपी किंवा महापालिकेची शाळा असेल तर इमारत त्यांची, पण पाठपुरावा शेवटी मुख्याध्यापकाच्याच गळ्यात पडतो, म्हणून गटशिक्षणाधिकारी किंवा मनपाच्या शिक्षण विभागाला एप्रिलमध्येच पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. भाड्याच्या इमारतीत शाळा असेल तर मालक म्हणतो तुम्ही वापरता, शाळा म्हणते इमारत तुमची, यात वर्ष जातं, कायदा मात्र दोघांनाही मोकळं सोडत नाही, तेव्हा कोण काय करणार हे भाडेकरारातच लिहून घेतलेलं बरं. आणि एकाच इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी असा प्रकार असेल तर फॉर्म बी इमारतीचा असतो, दोघांनी वेगवेगळ्या एजन्सी बोलावून खर्च दुप्पट करण्यात काही अर्थ नाही, एकत्र बसा.

एजन्सी निवडताना भाव नंतर विचारा, आधी लायसन्स बघा. हे लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांकडून मिळतं आणि एजन्सींची यादी संचालनालयाच्या वेबसाइटवर असते. मुदत संपलेली नाही ना, आणि लायसन्स नक्की कोणत्या कामासाठी आहे हे वाचा. जी एजन्सी शाळेत न येता फक्त व्हॉट्सअॅपवर फोटो मागून फॉर्म बी देते तिला सरळ नाही म्हणा. उद्या काही झालं तर ‘आम्हाला एजन्सीनं दिलं होतं’ हे कामाला येत नाही, यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक-वापरणाऱ्याचीच राहते, आणि कायद्यात दंड, कैद, इमारत रिकामी करून सील करणं अशा सगळ्या तरतुदी आहेत.

कागदपत्रांची फाइल एकदा नीट केली की दरवर्षी फक्त वरचे दोन-तीन कागद बदलायचे. लागतं ते असं: मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, मूळ फायर एनओसी, फॉर्म ए ची प्रत, मागचे फॉर्म बी पोचेसकट, एजन्सीच्या लायसन्सची प्रत आणि तिच्याशी केलेला देखभालीचा करार, सिलिंडरांची यादी (प्रकार, वजन, कुठे टांगलाय, रिफिल कधी, प्रेशर टेस्ट कधी), परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा वायरिंग आणि अर्थिंगचा रिपोर्ट, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा संस्थेचा ठराव. जुन्या इमारतींकडे यातला नकाशा किंवा एनओसी बहुतेक वेळा नसतेच. मग शोधाशोधीत मे घालवू नका, नगरपालिका किंवा महापालिकेच्या बांधकाम विभागात नकलेचा अर्ज टाका आणि त्याची पोच फाइलला लावा, काम थांबवू नका.

वेळापत्रकाचं सांगायचं तर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गेले त्यांच्या आठवणीत. त्या आठवड्यात जवान प्रात्यक्षिकं करत फिरत असतात, तेव्हाच त्यांना शाळेत बोलवा, आणि आलेत तर नुसती फुलं देऊन पाठवू नका, इमारत फिरवून दाखवा आणि काय काय खटकतं ते विचारा. ती यादी हातात आली की ठराव, कोटेशन, तुलनात्मक तक्ता, वर्क ऑर्डर हे सगळं एप्रिलअखेर संपवा, कारण एकदा सुट्टी लागली की समितीचा कोरम काही जमत नाही. तारखा ठरवताना शाळा खरंच रिकामी कधी आहे तेही बघा, सुट्टीतही प्रशिक्षणं असतात, शिबिरं असतात, निवडणूक असली तर मतदान केंद्र असतं, दहावी-बारावीच्या निकालाच्या सुमारास ऑफिसात गर्दी असते. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात त्यामुळे तिथे थोडे जास्त दिवस मिळतात, बाकीच्यांनी जूनचा पहिला आठवडा हीच शेवटची तारीख समजा.

व्हेंटिलेशनचं काम याच यादीत का घालायचं, तर आगीत माणूस आधी धुरानं गुदमरतो. धूर वर चढतो आणि जिना त्याला धुराड्यासारखा मिळतो. जिन्याच्या माथ्यावरच्या जाळ्या, झरोके त्यासाठीच असतात, आणि आपण काय करतो, पाऊस येतो म्हणून पत्रा लावतो, कबुतरं येतात म्हणून प्लायवूड ठोकतो, गॅदरिंगचा जुना फ्लेक्स बांधतो. ते सगळं मेमध्ये काढा, कबुतरांसाठी तारेची जाळी लावा, पावसासाठी तिरक्या पट्ट्यांचे लूव्हर्स, हवा खेळली पाहिजे. जिन्याखाली मोडके बाक आणि रद्दी असते ती निर्लेखन करून (नोंदवहीतून रीतसर बाद करून) हलवा. खिडक्यांच्या ग्रिल पक्क्या वेल्ड केलेल्या असतील तर प्रत्येक मोठ्या खोलीत निदान एक उघडणारी करून घ्या, आणि बाहेर जायचे दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात का आणि शाळा चालू असताना त्यातल्या कुठल्या दाराला कुलूप असतं हे एकदा चालत जाऊन बघा, मागचं गेट जवळजवळ सगळीकडे कुलपात असतं. नवीन काम काढताय तर लक्षात असू द्या की २४ मीटरपर्यंत उंचीच्या शाळेत जिना निदान दीड मीटर रुंद हवा असं राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ सांगते.

कॉम्प्युटर लॅबमध्ये स्प्लिट एसी असतो, खिडक्या बंद, आणि सगळ्यांना वाटतं हवा थंड म्हणजे ताजी, पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची आणत नाही. तिथे एक एक्झॉस्ट आणि बाहेरची हवा आत यायला वाट ठेवा. एसीची लाइन वेगळी आहे का, तिला योग्य क्षमतेचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे का हे वायरमनकडून बघून घ्या, जुन्या वायरिंगवर नंतर एसी चढवलेल्या लॅब भरपूर आहेत. एक्झॉस्ट फॅनच्या मोटरवर धूळ बसून बसून ती जॅम होते, तरी करंट चालूच राहतो, मग ती तापते, म्हणून तो फॅन खाली उतरवून साफ करायचा, वरवर फडका मारून भागत नाही. केमिस्ट्री लॅबमधला एक्झॉस्ट चालतो का बघा आणि तिथे कोरड्या वाळूची बादली ठेवा, सोडियमवर पाणी मारलं तर आग विझत नाही, भडकते. पोषण आहाराच्या किचनमध्ये गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यामुळे जमिनीलगत झरोका हवाच, नुसत्या वरच्या खिडकीनं गॅस जात नाही. गॅसची नारंगी सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते.

कामाचा क्रम चुकला तर पैसे पाण्यात. आधी तोडफोड-गवंडीकाम, मग वायरिंग, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी फॅन, एक्झॉस्ट, स्मोक डिटेक्टर साफ करणं. रंगारी डिटेक्टरला प्लास्टिक गुंडाळतात (गुंडाळायलाच पाहिजे) आणि काढायला विसरतात, मग पॅनेलवर सगळं हिरवं आणि डिटेक्टर मात्र पिशवीत. शिवाय ही कामं स्वतःच आग लावतात, थिनरचे डबे एका खोलीत आणि शेजारी ग्रिलचं वेल्डिंग असं होऊ देऊ नका, वेल्डिंगच्या जागी आग विझवायचा भरलेला सिलिंडर ठेवा आणि काम संपल्यावरही निदान अर्धा तास कोणीतरी तिथे थांबा.

सिलिंडर रिफिलला पाठवताना सगळे एकदम देऊ नका, ऑफिसात माणसं असतात, निम्मे पाठवा किंवा एजन्सीकडून तात्पुरते मागून घ्या. एबीसी पावडरवाल्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे झालं असं नाही, बाटलीची प्रेशर टेस्ट दर ३ वर्षांनी लागते, सीओटूची ५ वर्षांनी. सीओटूला काटाच नसतो, तो वजन करून बघायचा, भरलेल्या गॅसचं वजन १० टक्क्यांपेक्षा जास्त घटलं असेल तर भरून घ्यायचा. आणि कुठल्याही जागेवरून सिलिंडर १५ मीटरच्या आत मिळाला पाहिजे, सगळे मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर रांगेत लावून उपयोग नाही.

हायड्रंट किंवा होज रील (आगीवर पाणी मारायचा नळ किंवा गुंडाळलेला पाइप) असेल तर मेमधली खरी अडचण पाण्याची, टाकी कोरडी, टँकर चालू, आणि आगीसाठी राखून ठेवलेलं पाणी कधीच बागेला गेलेलं. पंपाची टेस्ट टाकी भरायच्या दिवशीच ठेवा आणि होजचं पाणी झाडांना द्या म्हणजे कोणी ओरडणार नाही. पंप मेन सप्लाय बंद करूनही चालतो का, म्हणजे त्याची लाइन वेगळी आहे का, हे एजन्सीला समोर करून दाखवायला सांगा.

पैशांचं म्हणाल तर सरकारी शाळांना समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे येतं, ३० पर्यंत पटाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख, आणि बंद पडलेल्या वस्तू बदलणं, किरकोळ दुरुस्ती यात बसते. सिलिंडर आणि एक्झॉस्ट यातून भागतात. पूर्ण वायरिंग भागत नाही, त्यासाठी झेडपीकडे वेगळा प्रस्ताव द्यावा लागतो आणि तो मेमध्ये देऊन त्याच मेमध्ये काम होईल ही आशा सोडा, पुढच्या वर्षासाठी आत्ता द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एजन्सीला अंतिम तपासणीला बोलवा, सोबत शिपाई आणि दोन शिक्षक फिरू द्या, आणि तेव्हाच कर्मचाऱ्यांचं मॉक ड्रिल घ्या. मुलांचं ड्रिल शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात, सांगून घ्या, पहिल्यांदाच न सांगता घेतलं की लहान वर्ग घाबरतात. १०१ आणि ११२ हे नंबर प्रत्येक मजल्यावर लिहा. जुलै लागला की फॉर्म बी वर तारीख, एजन्सीचा लायसन्स नंबर, इमारतीचं नाव-पत्ता नकाशाप्रमाणे आहे का तपासा आणि जमा करा, काही महापालिकांत ऑनलाइन अपलोड होतो, बाकी ठिकाणी हार्ड कॉपी, दोन्हीकडे पोच घेतल्याशिवाय हलू नका. सीबीएसईच्या शाळांना अग्निसुरक्षा प्रमाणपत्र वेबसाइटवरही टाकावं लागतं, तिथे जुनी प्रत तशीच पडलेली असते, ती बदला.

आणि जानेवारीच्या फॉर्म बी साठी हे सगळं परत नको, दिवाळीच्या सुट्टीत सिलिंडरचे काटे, डिटेक्टर, पंप आणि मागच्या गेटचं कुलूप एवढं बघून एजन्सीची डिसेंबरची तारीख बुक करून ठेवा.