एकाग्रता आणि कामातील शिस्त

एकाग्रता : हाती घेतलेल्या एका कामावर मन काही काळ टिकवून धरण्याची, आणि ते निसटले की पुन्हा तिथेच आणण्याची क्षमता. हे रोज घडावे, त्या दिवशी इच्छा असो वा नसो, यासाठी माणूस आपली वेळ, जागा, साधने आणि सवयी यांना जे वळण लावतो ती कामातील शिस्त. बोलताना हे दोन शब्द जोडीनेच येतात, पण एकीचा हिशेब मिनिटांत होतो आणि दुसरीचा महिन्यांत. तासभर तल्लीन होणारी पण आठवड्यातून एकदाच कामाला बसणारी माणसे असतात, तशीच रोज वेळेवर बसून नुसती कागद चाळणारीही असतात. महत्त्वाचे काम तडीला जायला दोन्ही लागतात.

‘एकाग्र’ या शब्दात ‘एक’ आणि ‘अग्र’ म्हणजे टोक आहे. ज्याचे टोक एकाच गोष्टीकडे आहे ते एकाग्र. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताला एका जागी बांधण्याला ‘धारणा’ म्हटले आहे, आणि चित्ताच्या वृत्ती आवरण्याचे उपाय दोनच सांगितले आहेत : अभ्यास आणि वैराग्य. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे अशी अर्जुनाची तक्रार आहे; तिला मिळालेल्या उत्तरातही हीच जोडी येते. मराठीत ‘अवधान’ आणि ‘व्यवधान’ हे शब्द आहेत. पैकी दुसरा शब्द मोठा गमतीचा, कारण त्याचा एक अर्थ अडथळा आणि बोलण्यातला दुसरा अर्थ भान. ‘कामाचे व्यवधान ठेव’ आणि ‘कामात व्यवधान आले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत.

याहून महत्त्वाचा भेद क्रियापदांत आहे. मराठीत लक्ष ‘देतात’ आणि लक्ष ‘लागते’. देणारा माणूस असतो. लागण्यावर मात्र त्याची मालकी नसते. ‘आज लक्षच लागत नाही’ असे म्हणताना आपण हवामानाविषयी बोलावे तसे बोलतो. मानसशास्त्रानेही ऐच्छिक आणि अनैच्छिक अवधान असा भेद केला आहे, तो जवळपास हाच. कामाच्या शिस्तीविषयी जे गैरसमज आहेत त्यांतले बरेचसे ‘लागण्या’ची वाट पाहत ‘देणे’ लांबणीवर टाकण्यातून येतात.

अवधान किती टिकते

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवले, की ऐच्छिक अवधान एका वेळी काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. ज्याला आपण सलग लक्ष म्हणतो, ते भटकलेले मन पुन्हा पुन्हा परत आणण्याच्या लहान लहान प्रयत्नांनी बनलेले असते. विषय जिवंत असेल, त्यात नवे काही उलगडत असेल, तर परत आणण्याचे कष्ट जाणवत नाहीत आणि लक्ष ‘लागले’ असे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यापुढे तासन्‌तास बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा का निसटतात हा प्रश्न ब्रिटनमध्ये ऐरणीवर आला. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे नसलेली एक तबकडी, तिच्यावर एक काळा काटा. काटा दर सेकंदाला एक पाऊल सरकतो, शंभर पावलांत एक फेरी पुरी होते. अर्ध्या तासात बारा वेळा मात्र तो दुप्पट उडी घेतो. ती दिसली की कळ दाबायची. बैठक दोन तासांची. पहिला अर्धा तास बरा जाई आणि त्यानंतर निसटलेल्या उड्या ठळकपणे वाढत. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली, की ही घसरण दिसत नसे. मधेच टेलिफोनवरून ‘आणखी नीट पाहा’ असा निरोप दिला तरी कामगिरी सावरे. म्हणजे डोळे थकले नव्हते. तोच तोच काटा पाहून मन निघून गेले होते.

या प्रयोगावरून ‘माणसाचे लक्ष अर्धाच तास टिकते’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो चुकीचा आहे. मॅकवर्थ यांचे काम मुद्दाम कंटाळवाणे केलेले होते. गुंतून केलेल्या कामात माणूस दीड-दोन तास सहज रमतो. इटलीच्या फ्रांचेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून बेतलेली २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांतीची पद्धत आज जगभर वापरली जाते. ती उपयोगी आहे, पण २५ या आकड्यात जादू नाही. कामाला हातच लागत नसेल तेव्हा तो आकडा सोयीचा. काम रंगात आल्यावर घंटी वाजली म्हणून उठणे हा मात्र शुद्ध वेडेपणा.

काम बदलण्याची किंमत

एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्याला आपण कौतुकाने अष्टावधानी म्हणतो. विचार लागणाऱ्या दोन कामांच्या बाबतीत मात्र माणूस ती एकत्र करत नाही, तो त्यांच्यामध्ये ये-जा करतो. या ये-जा करण्याला वेळ लागतो हे आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्येच दाखवले होते : एकाच प्रकारच्या क्रियांची यादी माणसे लवकर संपवत, दोन प्रकार आलटून पालटून आले की वेग पडे. प्रयोगशाळेत ही किंमत सेकंदाच्या अंशात मोजली जाते आणि क्षुल्लक वाटते. खऱ्या कामात ती तशी राहत नाही, कारण तिथे डोक्यात बरेच काही मांडून ठेवलेले असते.

समजा, कोणी अहवालाचा तिसरा परिच्छेद लिहीत आहे. पहिल्या दोन परिच्छेदांत काय मान्य केले, पुढच्या तक्त्यात कोणता आकडा त्याच्या विरोधात जातो, आणि म्हणून इथे कोणता शब्द वापरायचा नाही, हे सगळे त्याच्या डोक्यात एकदमच उभे आहे. फोन थरथरतो. निरोप दोन ओळींचा आहे, उत्तर एका शब्दाचे. चाळीस सेकंदांत तो परत येतो, अर्धे वाक्य वाचतो, पुन्हा पहिल्यापासून वाचतो, मग वर जाऊन दुसरा परिच्छेद वाचतो. आकडा आठवत नाही. तक्ता उघडताना दुसरी खिडकी दिसते. हिशेबाच्या वहीत या प्रसंगाची नोंद चाळीस सेकंद अशीच होईल.

सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला ‘अवधानाचा उरलेला अंश’ अशा अर्थाचे नाव दिले. आधीचे काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे काही लक्ष मागेच रेंगाळते आणि नव्या कामात तो कमी पडतो.

व्यत्यय बाहेरूनच येतो असेही नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर गाठून ‘या क्षणी मन कुठे आहे’ असे विचारले. सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हते. भटकण्याला सरसकट दोष देणेही बरोबर नाही. अडलेल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अंघोळीच्या वेळी किंवा चालताना सुचते. अडचण भटकण्याची नसून ते वेळीच ध्यानात न येण्याची आहे.

चालढकल

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअस पोंतिकस या ख्रिस्ती संन्याशाने दुपारी येणाऱ्या एका सैतानाचे वर्णन केले आहे. तो आला की सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीबाहेर पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे याचा अंदाज घेतो, एखादा सोबती येतो का ते पाहतो, मग त्याला ही जागाच नकोशी होते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे टिपण वाचताना कोणालाही ओशाळल्यासारखे व्हावे. खिडकीच्या जागी फोनचा पडदा आला, एवढाच फरक.

चालढकल म्हणजे आळस अशी समजूत सर्वत्र आहे, पण आळशी माणूस निवांत असतो आणि चालढकल करणारा अस्वस्थ. तो त्या वेळात कपाट आवरतो, जुने निरोप निकाली काढतो, म्हणजे कष्ट करतोच. फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडले, की माणूस यात काम टाळत नसून त्या कामाबरोबर येणारी भीती, कंटाळा किंवा ‘आपल्याला जमणार नाही’ ही भावना टाळत असतो. आत्ताचा मूड सुधारतो आणि भुर्दंड उद्याच्या माणसाला पडतो. कठीण कामे बहुधा मोघम का असतात आणि मोघम कामेच का लांबतात, याचा उलगडा इथे होतो. ‘प्रबंध लिहिणे’ या ओळीला हात कुठे घालायचा हे कळत नाही. ‘दुसऱ्या प्रकरणातल्या तीन आक्षेपांची यादी करणे’ याला घालता येतो. मुदत दूरची असेल तर ढिलाईला आणखी वाव मिळतो. उपलब्ध वेळ भरून निघेपर्यंत काम पसरते, हा सिरिल पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये थट्टेने मांडलेला नियम याच जातीचा.

इच्छाशक्तीचा प्रश्न

शिस्त म्हणजे मोह दाबून टाकण्याची ताकद, ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला प्रयोगांचा आधार मिळाल्यासारखे वाटले. वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे एक गोड वडी ठेवली आणि थांबलात तर दोन मिळतील असे सांगितले. थांबू शकलेली मुले पुढे अभ्यासात सरस ठरली, असे सांगितले जाऊ लागले. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून हा संबंध पुन्हा तपासला तेव्हा तो बराच क्षीण निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे जमेस धरल्यावर आणखी आक्रसला. रॉय बॉमायस्टर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये इच्छाशक्ती वापराने थकते असे मांडले. समोरची चॉकलेटची बिस्किटे सोडून मुळे खावे लागलेल्यांनी नंतरचे न सुटणारे कोडे लवकर सोडून दिले होते. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर हा परिणाम तपासला, तेव्हा तो जवळपास शून्य आढळला.

मिशेल यांच्या प्रयोगांतला खरा ऐवज वेगळाच होता, आणि त्याकडे कमी लक्ष गेले. थांबू शकलेली मुले वडीकडे टक लावून दात आवळत नव्हती. ती डोळे झाकत, पाठ फिरवत, गाणी म्हणत. वडी नजरेआड ठेवली तर सगळ्यांनाच जास्त थांबता येई. मोठ्यांतही असेच दिसते. विल्हेल्म हॉफमान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जर्मनीतल्या २०५ प्रौढांच्या रोजच्या इच्छांची आठवडाभर नोंद घेतली. ज्यांचा संयम चांगला समजला जाई, त्यांना मोहाशी झगडण्याची वेळच कमी येत होती.

व्यवस्था आणि नेम

म्हणून कामाच्या शिस्तीचा मोठा भाग बसण्याआधी उरकायचा असतो. फोन उलटा ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणे बरे, कारण उठून जाण्याचे कष्ट पहारेकऱ्याचे काम करतात. प्लुटार्कने सांगितलेली एक गोष्ट याच युक्तीची, जरा टोकाची : ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस भाषणाच्या सरावासाठी तळघरात राही आणि बाहेर जाण्याची लाज वाटावी म्हणून डोक्याची एकच बाजू भादरून घेई.

दुसरा आधार म्हणजे केव्हा आणि कुठे हे आधी ठरवणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की ‘मी हे करीन’ या संकल्पाला ‘अमुक वेळी, अमुक जागी बसलो की हे करीन’ अशी खुंटी मिळाली की तो तडीला जाण्याची शक्यता बरीच वाढते. नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांपैकी वेळ-जागा ठरवलेल्यांत दोन-तृतीयांशांहून अधिकांनी ते पाठवले. इतरांत सुमारे एक-तृतीयांशांनी.

हेच रोज केले की त्याचा नेम होतो. २१ दिवसांत सवय लागते, ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यविशारदाच्या १९६० मधल्या एका निरीक्षणावरून पसरली. त्यात बोलणे होते ते रुग्णांना बदललेला चेहरा अंगवळणी पडण्याविषयी. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या पाहणीत सवय मुरायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, ही त्यातली खरी कामाची गोष्ट. नेम मोडतो तो सहसा खाड्यामुळे नव्हे. ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणून घेतलेल्या पुढच्या चार दिवसांच्या रजेने मोडतो.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्याची नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसत. घड्याळ समोर, आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द हे माप. उठवायला येणाऱ्या नोकराला त्यासाठी ते वर्षाला पाच पौंड जास्त देत. ते पैसे मूडवर खर्च केले असते तर इतक्या कादंबऱ्या झाल्या नसत्या.

याला शरीराची मर्यादा आहे. झोप अपुरी असेल तर वर सांगितलेले काहीही चालत नाही. कसून करायचे काम दिवसाला चारेक तासांहून जास्त रेटता येत नाही, असे अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये व्हायोलिनवादक आणि इतर निष्णातांच्या सरावावरून मांडले. उरलेला दिवस टपाल, बैठका, आवराआवर यांचा. काहींच्या बाबतीत लहानपणापासूनची विचलितता हा अवधान न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार असतो. तिथे शिस्तीचे धडे अपुरे पडतात, वैद्यकीय तपासणी हवी.

थांबण्याची जागा निवडणे हाही व्यवस्थेचाच भाग आहे. लरॉय यांनी थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह २०१८ मध्ये दाखवले, की काम मधेच सोडावे लागताना कुठे होतो आणि परत आल्यावर प्रथम काय करायचे हे मिनिटभरात टिपून ठेवले, तर मागे रेंगाळणारे लक्ष बऱ्याच अंशी सुटते. अनेक लिहिणारे पुढचे वाक्य माहीत असतानाच उठतात. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोरा कागद नसतो. ‘आकडा तपास, मग तिसरा आक्षेप’ एवढी चिठ्ठी असते, आणि लक्ष लागेपर्यंत ते द्यायला तेवढी पुरते.