जीवाणूंचा साबुदाणा

गेल्या महिन्यात आत्या पुण्याला आमच्याकडे राहायला आली होती. हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकपुढे बसून क्लाउनफिशच्या जोडीचं कौतुक करून झालं, आणि मग तिचं लक्ष खालच्या उघड्या कपाटाकडे गेलं. तिथे एका पारदर्शक नळकांड्यात पांढरे दाणे पाण्याच्या जोरानं गरगरत होते. "अरे, साबुदाणा कशाला फिरवत ठेवलायस?"

मी हसलो. पण रात्री विचार करताना वाटलं, आत्याचा नेम फारसा चुकला नव्हता.

त्या दाण्यांना बायोपेलेट म्हणतात. जीवाणूंनी खावं म्हणून टँकला जोडलेलं प्लास्टिक! ते का लागतं, हे आधी सांगतो. माशांना घातलेलं खाणं शेवटी पाण्यातच विरघळतं. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, हे नत्रचक्र आपण शाळेत काढलेलं असतं. त्याची शेवटची पायरी, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जाणं, ऑक्सिजन नसलेल्या जागीच जमते. आणि टँकमध्ये अशी जागा थोडी. फॉस्फेटला तर उडून जायची सोयच नाही. प्रवाळ वाढतात त्या समुद्रात नायट्रेट लिटरमागे १ मिलिग्रॅमच्याही खाली असतं. माझ्या टँकमध्ये ते एकदा ४० वर गेलं होतं आणि खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलं होतं.

(टँकमधला मासा मेला की 'घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं' असं सांगून लगेच दुसरा मासा विकणारे असतात. नव्या टँकमध्ये मासा सहसा अंगावर घेतो तो अमोनिया.)

शेतकरी ज्याला नत्र आणि स्फुरद म्हणतो, तेच (नायट्रोजन आणि फॉस्फरस) इथे नायट्रेट-फॉस्फेटच्या रूपात जास्त झालेलं असतं. १९३४ साली समुद्रशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या लक्षात आलं की समुद्रातल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरात आणि समुद्राच्या पाण्यात नत्र-स्फुरदाचं प्रमाण एकमेकांशी जुळतं. आज प्लवकांसाठी कार्बन, नत्र, स्फुरद यांचं १०६:१६:१ हे अणूंचं प्रमाण धरतात. जीवाणूंचं गणित थोडं वेगळं असतं, पण त्यांनाही शरीर बांधायला ही तिन्ही लागतातच. टँकमध्ये नत्र आणि स्फुरद मुबलक, अडतं ते त्यांना खाता येईल अशा कार्बनपाशी. तो पुरवला की जीवाणू वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट स्वतःच्या शरीरात ओढून घेतात, आणि स्किमर नावाच्या, बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात ओढणाऱ्या उपकरणातून फेसाबरोबर ते जीवाणूच बाहेर काढता येतात. पूर्वी लोक त्यासाठी रोज मोजून व्होडका किंवा व्हिनेगर घालत, आजही घालतात. पेलेटमध्ये तोच कार्बन घन स्वरूपात असतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग.

बरेचसे पेलेट पीएचए (पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट) या कुळातल्या पॉलिमरचे, म्हणजे छोटे रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचे असतात आणि त्या कुळातला सगळ्यांत साधा सदस्य म्हणजे पीएचबी, अर्थात पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लेमॉइन यांना तो एका जीवाणूच्या पेशीत सापडला. कारखान्यात घडवण्याच्या कितीतरी आधीपासून जीवाणू हे प्लास्टिक करत आले आहेत, आणि करतात ते अडीअडचणीसाठी. कार्बन भरपूर आहे पण नत्र किंवा स्फुरद संपलंय, अशी वेळ आली की पेशीला वाढता येत नाही. मग ती हातातला कार्बन वाया न घालवता त्याचे छोटे रेणू एकाला एक जोडून लांब साखळ्या करते आणि कणांच्या रूपात पोटात साठवते. काही जातींत सुकवलेल्या पेशीच्या वजनात ८० टक्क्यांपर्यंत हेच भरतं. आपली चरबी म्हणा, किंवा कणगीतलं धान्य.

टँकमधली परिस्थिती याच्या नेमकी उलटी: नत्र-स्फुरद उतू चाललंय आणि कार्बन नाही. म्हणजे एका ठिकाणच्या जीवाणूंनी नत्राच्या दुष्काळात भरलेली कणगी आपण आणून दुसऱ्या ठिकाणच्या, नत्रात लोळणाऱ्या जीवाणूंपुढे उघडतो.

दाणा पेशीपेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे तो गिळता येत नाही. जीवाणू त्याच्यावर बुळबुळीत थर करून बसतात आणि एक विकर (एन्झाइम) बाहेर सोडतात. साखळीतले दुवे एस्टर बंधांचे, म्हणजे मध्ये ऑक्सिजनचा अणू असलेल्या जोडांचे असतात. विकर तिथे पाण्याचा रेणू घुसवून बंध तोडतं आणि सुटा होतो तो ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्लाचा रेणू. हा रेणू तुमच्याही ओळखीचा आहे. लांबलेल्या उपवासात आपलं यकृत चरबीपासून जे कीटोन बनवतं, त्यांतला मुख्य हाच. एकादशीला अर्थात तो फारसा वाढत नाही, कारण दुपारी आपण खिचडी हाणलेली असते. साबुदाणासुद्धा पॉलिमरच, फक्त ग्लुकोजचा. म्हणून म्हटलं, आत्याचा नेम फारसा चुकला नव्हता.

यावरून 'प्लास्टिक खाणारे जीवाणू आले, आता समुद्र साफ होणार' असे फॉरवर्ड मात्र पाठवू नका. दुकानातल्या पिशवीचं पॉलिथिन म्हणजे कार्बनला कार्बन जोडलेली सलग साखळी. तिच्यात विकराला पकडायला एस्टर बंध नसतो.

किती पेलेट लागतात? २०० लिटरच्या टँकमध्ये नायट्रेट १० मिलिग्रॅमनं उतरवायचं म्हणजे २ ग्रॅम नायट्रेट काढायचं. रेडफिल्डच्या प्रमाणानं त्याला अडीच ग्रॅम कार्बन लागतो. पीएचबीत वजनाच्या ५६ टक्के कार्बन असतो, म्हणजे साडेचार ग्रॅम दाणे. जीवाणू तेवढेच आणखी ऊर्जेसाठी जाळतात असं धरलं तर ९ ग्रॅम, म्हणजे दोनेक चमचे. अंदाज कागदावरचा आहे, पण मात्रा किती थोडी लागते हे त्यावरून कळतं. यातला 'जाळतात' हा शब्द मी पहिल्या वेळी गांभीर्यानं घेतला नाही. पाकिटावर पाव मात्रेपासून सुरुवात करा असं छापलं होतं आणि मी सगळं पाकीट ओतलं. आठव्या दिवशी पहाटे टँकचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालेलं, आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताहेत. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, म्हणजे अख्ख्या टँकमध्ये १.३ ग्रॅम. पाऊण ग्रॅम पीएचबी पूर्ण जाळायला तेवढा सगळा लागतो! रात्री शेवाळाचं प्रकाशसंश्लेषणही बंद असतं. एअर पंप लावला, ४० लिटर पाणी बदललं. क्लाउनफिश वाचले, तिसरा मासा, गोबी, गेला.

तेव्हापासून नळकांड्यातून बाहेर येणारी नळी थेट स्किमरच्या तोंडाशी लावली आहे, म्हणजे सुटलेले जीवाणू टँकमध्ये फिरण्याआधीच फेसात जातात. दाणे सतत हलते ठेवावे लागतात. ते एकमेकांना चिकटून गड्डा झाला की आत ऑक्सिजन पोचत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, आणि आतले जीवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करायला लागतात. वीज बराच वेळ जाऊन आली की मी आधी झाकण काढून वास घेतो. सडक्या अंड्यासारखा आला तर ते पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही.

माझ्याकडे फक्त मऊ, मशरूम जातीची प्रवाळं आहेत. भारतातली दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत आहेत; मालवणच्या खडकावरून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. या मशरूमांच्या अंगातही सूक्ष्म शैवाल असतं, आणि त्या शैवालालाही थोडं नत्र लागतंच. पेलेट लावून दोन महिन्यांनी नायट्रेट शून्य दिसलं तेव्हा मी खूश होतो. पंधरा दिवसांत मशरूम फिकुटले. फॉस्फेट मात्र लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमवर अडून बसलं, कारण १० मिलिग्रॅम नायट्रेट संपतं तेव्हा फॉस्फेट जेमतेम १ मिलिग्रॅम जातं, आणि नायट्रेट संपल्यावर तर जीवाणूंची वाढच थांबते. मग निम्मे दाणे काढले, आणि आता आठवड्यातून दोनदा पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाचे मोजून काही थेंब टँकमध्ये सोडतो. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोरा, फटाक्यांच्या दारूतला. ज्या नायट्रेटला हाकलायला पैसे मोजले, तेच आता मी विकत आणतोय, हे आत्याला अजून सांगितलेलं नाही.