चारशेचा रोल दोनशेला का लावतात?

फिल्म कॅमेरा घेऊन टेकडीवर किंवा घाटवाटेवर शिकायला निघालेल्या माणसाला पहिल्या तासाभरात एक सल्ला हमखास मिळतो: "चारशेचा रोल आहे ना? मग चकती दोनशेला लाव." म्हणजे रोलच्या खोक्यावर संवेदनशीलतेचा आकडा 400 असला, तरी प्रकाश मोजणाऱ्या मीटरला 200 सांग, म्हणजे तो दुप्पट प्रकाश मागेल. देणारा कारण सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. कपाटातून आजोबांचा कॅमेरा बाहेर काढून वेताळ टेकडी, राजमाची किंवा भीमाशंकरच्या वाटेला लागणारी तरुण मंडळी हल्ली पुन्हा दिसू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर हा सल्लाही चलनात आला आहे. तो चुकीचा नाही. अर्धवट मात्र आहे, आणि त्याचं मूळ रोलमध्ये कमी आणि खोक्यावरच्या आकड्यात जास्त आहे.

हा आकडा फोटोग्राफीइतका जुना नाही. ओल्या काचांच्या काळात, म्हणजे 1851 नंतरची पंचवीसएक वर्षं, डोंगरात फोटो काढायचा तर अंधारकोठडीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि ते सगळं वाहणारे हमाल सोबत लागत. काच जागेवरच लेपायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची. मुंबईत 1854 मध्येच हौशी छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली होती, पण त्यांना 'वेग', म्हणजे लेप प्रकाशाला किती संवेदनशील आहे हे, आकड्यात सांगायची गरज नव्हती. लेप ज्याचा त्यानेच दिलेला, त्यामुळे किती प्रकाश पुरेल हे हाताला ठाऊक असे. कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा बाजारात आल्यावर प्रश्न उभा राहिला. काच दुसऱ्याने बनवली, मग ती किती संवेदनशील आहे हे कोण सांगणार?

इंग्लंडमधल्या दोघा हौशी छायाचित्रकारांनी 1890 मध्ये प्रकाश आणि काळेपणा यांचं नातं आलेखावर मांडलं. त्यानंतर मापांचं पेवच फुटलं. प्रत्येक देशाचं माप वेगळं, लाइट मीटर बनवणाऱ्यांचं वेगळं, आणि कंपन्या आपापले आकडे फुगवत असत ते वेगळंच. जर्मनीने 1934 मध्ये डिन हे माप आणलं. त्यात आकडा 3 ने वाढला की वेग दुप्पट. अमेरिकेने 1943 मध्ये एएसए ठरवलं, आणि त्यात आकडाच दुप्पट झाला की वेग दुप्पट. एएसए 100 म्हणजे डिन 21, एएसए 400 म्हणजे डिन 27. रशियन गोस्ट तिसरंच. त्याचा 90 साधारण आपल्या 100 च्या बरोबरीचा, आणि ते आकडे 1987 मध्ये बाकीच्यांशी जुळवले गेले.

आता मूळ मुद्दा. एएसए ठरवण्यामागच्या संशोधनात नुसती निगेटिव्ह मोजली नव्हती. एकाच दृश्याचे कमी-जास्त प्रकाशात काढलेले प्रिंट लोकांपुढे ठेवून, चांगला प्रिंट किमान किती प्रकाशात मिळतो हे पाहिलं होतं. त्या किमान प्रकाशावर समितीने सुरक्षिततेसाठी भरपूर जागा सोडली. कारण साधं होतं. लोकांकडे डबा कॅमेरे, शटरचा भरवसा नाही, मीटर बहुतेकांकडे नाहीच. निगेटिव्हला प्रकाश जास्त झाला तर प्रिंट काढताना सांभाळता येतो. कमी पडला तर सावलीतला तपशील निगेटिव्हवर उमटतच नाही, आणि जे उमटलंच नाही ते कुठल्याही रसायनाने परत येत नाही. म्हणून खोक्यावरचा आकडा मुद्दाम कमी ठेवला गेला.

1960 मध्ये ही जागा जवळजवळ काढून टाकण्यात आली. फिल्म तीच, लेप तोच, आणि ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह रोलचा आकडा एका कागदाने दुप्पट. कोडॅकचा ट्राय-एक्स 200 चा होता, तो 400 चा झाला. कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. मीटर सुधारले होते. 35 मिलिमीटरच्या छोट्या निगेटिव्हला जास्त प्रकाश दिला की दाणा वाढतो आणि धार जाते. शिवाय शटरचा वेग जास्त ठेवता आला तर हात हलल्याने बिघडणारे फोटो वाचतात. तरीही, खोक्यावरचा आकडा रातोरात दुप्पट होणं रोल विकणाऱ्यांना गैरसोयीचं नव्हतं, एवढं म्हणायला हरकत नसावी. माझ्या मते समितीने मीटर सुधारल्याचं गृहीत धरलं, मीटर धरणारा सुधारला का हे पाहिलं नाही. शिकाऊ माणूस 1943 मध्ये जिथे होता तिथेच 1960 मध्ये होता, आणि आजही आहे.

थोडक्यात, 'चारशेचा दोनशेला लाव' म्हणजे 1960 मध्ये काढून घेतलेली ती जागा परत मागणं.

या सल्ल्याला दुसराही एक झरा आहे. अमेरिकेतल्या डोंगररांगांत मोठा कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या एका निसर्गछायाचित्रकाराने 1939-40 च्या सुमारास सहकाऱ्याबरोबर दृश्यातल्या उजेडाचे टप्पे पाडण्याची पद्धत बसवली. गडद सावली ते लख्ख पांढरा, आणि मधला राखाडी पाचव्या टप्प्यावर. रोलचा वेग प्रत्येकाने स्वतः तपासून घ्यावा हा तिचा आग्रह. ती पद्धत मानणारे तपासणी करत तेव्हा आकडा जवळजवळ नेहमी खोक्यापेक्षा कमी येई. यात फिल्मची फसवाफसवी नाही. प्रमाणित मापात वेग ज्या बिंदूवर मोजतात तो मीटरच्या राखाडीपासून साधारण सव्वातीन स्टॉप खाली असतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि या पद्धतीतला पहिला टप्पा चार स्टॉप खाली. फरक दोनतृतीयांश स्टॉपचा. म्हणजे काटेकोर हिशेबाने चारशेचा अडीचशे होतो. दोनशे हा गोळाबेरीज केलेला आकडा आहे, तोंडात बसायला सोपा.

आपल्याकडे हा वाद पोहोचला तो फार वेगळ्या वेशात. परदेशी माल सहज मिळत नसे त्या काळात पूर्व जर्मनीचा ओर्वो रोल आणि रशियन झेनिट कॅमेरा ही जोडी बऱ्याच घरांत होती. उटीला 1960 मध्ये फिल्मचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1967 पासून तिथे उत्पादन सुरू झालं. तिथला 'इंदू' रोलही वापरला जाई. ओर्वोच्या नावातच डिन असे: एनपी 20, एनपी 22, एनपी 27. एनपी 22 म्हणजे एएसए 125. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला रोल मी 'बावीसचा' समजून मीटरची चकती 25 वर लावून काढला, म्हणजे दोन स्टॉपहून जास्त प्रकाश. निगेटिव्ह कोळशासारख्या आल्या. तरी बहुतेक फ्रेमचे प्रिंट निघाले, दाणेदार पण पूर्ण. सिंहगडाच्या कड्याच्या सावलीतलं गवतसुद्धा दिसत होतं. पुढच्या रोलला आकडा बरोबर लावला आणि धुक्यातले अर्धे फोटो पातळ, म्हणजे प्रकाश कमी पडलेले, आले. जुन्या समितीचं म्हणणं त्या दोन रोलांनी मला जितकं पटवलं तितकं नंतर वाचलेल्या कशानेही नाही.

1974 मध्ये एएसए आणि डिन एकत्र करून आयएसओ आलं. पूर्ण आकडा 400/27° असा लिहितात, पण तिरक्या रेघेनंतरचा भाग आता कुणी वाचत नाही. खरा गोंधळ त्यानंतरचा आहे. डिजिटल कॅमेऱ्याने हाच शब्द उचलला आणि त्याचा अर्थ बदलला. डिजिटलवर आयएसओ हे बटण आहे, दर फोटोला फिरवता येतं. फिल्ममध्ये तो रोलचा स्वभाव आहे. छत्तीस फोटो संपेपर्यंत तो बदलत नाही. चकती फिरवल्याने फक्त मीटरला खोटं सांगितलं जातं, फिल्मला काही कळत नाही. तरीही उघड्या सड्यावरून भीमाशंकरच्या दाट झाडीत शिरल्यावर "आयएसओ वाढवला" म्हणणारे भेटतात. त्यांनी वाढवलेलं काहीच नसतं, पुढच्या फोटोंना प्रकाश कमी दिलेला असतो. ते भरून काढायचं तर अख्खा रोल जास्त वेळ धुवायला हवा, म्हणजे पुश करायला हवा, आणि मग सड्यावरचे उन्हातले फोटोही त्याच पाण्यातून जातात.

सह्याद्रीत हा प्रश्न अधिकच टोचतो. ऊन स्वच्छ असताना जुना हिशेब सोपा: भिंगाचं छिद्र एफ 16 वर आणि शटर रोलच्या आकड्याएवढं, म्हणजे 125 च्या रोलला एक भागिले 125. त्याच वाटेवर दाट झाडीखाली पाच-सहा स्टॉप सहज जातात. मीटर तर प्रत्येक गोष्टीला राखाडी समजतो. काळ्या कातळावर रोखलात तर तो भरमसाट प्रकाश मागतो, पावसाळी धुक्यावर रोखलात तर कंजूषपणा करतो. निम्मा आकडा लावणाऱ्याचे धुक्यातले फोटो वाचतात, त्यामुळे सल्ल्यावरचा विश्वास वाढतो. कातळापुढे मात्र एकाच चुकीची दोनदा भर पडते. धुक्यात एक स्टॉप वाढवा आणि कातळावर एक उतरवा, एवढं सांगितलं तर चकतीला हात लावायची गरज बऱ्याचदा पडत नाही.

स्लाइडच्या, म्हणजे फिल्मवर थेट सुलटं चित्रच उमटणाऱ्या, रोलला तर हा सल्ला विषासारखा आहे. तिथे दुरुस्तीसाठी प्रिंटची पायरीच नाही. एक स्टॉप जास्त झाला की आकाश पांढरं. निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांच्या लाडक्या फुजी वेल्व्हिया 50 लासुद्धा लोक फार तर 40 वर लावत, 25 वर नव्हे. निगेटिव्हचा नियम स्लाइडला लावून रोल घालवलेले मी दोन-तीन जण पाहिले आहेत.

मग आज हा सल्ला इतका बिनबोभाट का चालतो? एक कारण रोलांचं वय. मुदत संपलेले रोल हातोहात फिरतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडून त्यांचा वेग खरोखरच उतरलेला असतो, आणि तिथे निम्मा आकडा ही गरज असते. दुसरं कारण स्कॅनिंग. बऱ्याच शिकाऊंच्या हाती निगेटिव्ह येतच नाही, लॅबकडून फोनवर फाइल येतात. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपोआप सावरून घेतो, त्यामुळे एक स्टॉप जास्त झाला काय किंवा नाही काय, दिसायला सारखंच. पूर्वी कॉन्टॅक्ट शीटवर छत्तीस फ्रेम एकाच उजेडात छापलेल्या असत आणि कुठली फ्रेम पातळ, कुठली जाड हे एका नजरेत कळे. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणाऱ्याला हे आजही कळतं, मग भले मे महिन्यात पाणी 20 अंशांवर आणायला टँकभोवती बर्फ ठेवावा लागो. त्या दिवसांत नळाचंच पाणी तिशीच्या वर असतं. रंगीत रोलला उलट 38 अंशांपर्यंत तापवावं लागतं.

फिल्मचा धंदा बसल्याच्या आणि उठल्याच्या कहाण्या सर्वांना माहीत आहेत. कोडॅकचा स्लाइडचा रोल कोडाक्रोम 2009 मध्ये थांबला, आणि त्याच्या शेवटच्या रोलातल्या काही फ्रेम मुंबई-राजस्थानात काढलेल्या होत्या. त्यांचाच दुसरा स्लाइडचा रोल एक्टाक्रोम 2012 मध्ये गेला आणि 2018 मध्ये परतला. आपल्या विषयाशी जास्त संबंध आहे तो 3200 लिहिलेल्या रोलांचा. पहाटेच्या जंगलात जाणारे ते हौसेने घेतात. इल्फर्डच्या डेल्टा 3200 च्या माहितीपत्रकात मोजलेला वेग 1000 दिला आहे. 3200 हा पुश करून वापरण्यासाठी सुचवलेला आकडा. सवयीप्रमाणे तो निम्मा करून 1600 ला लावला, तरी मोजमापाच्या हिशेबाने रोलला प्रकाश कमीच मिळतो.