मधे काहीच नाही, तरी पत्रे एकमेकांना ओढतात: हेंड्रिक कॅसिमिर आणि त्याचा इफेक्ट

व्हॅक्यूममधून फुकट वीज काढायचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सारखे फिरत असतात आणि पुरावा म्हणून त्यात कॅसिमिर इफेक्टचं नाव येतं, म्हणजे पोकळीत अगदी जवळ ठेवलेले दोन धातूचे पत्रे आपोआप एकमेकांकडे ओढले जातात त्याचं. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण हा शोध लागला तो कारखान्याच्या लॅबमधल्या एका साध्या, कामाच्या प्रश्नातून, आणि ती गोष्ट त्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी भारी आहे.

डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर १९०९ मधे हेगला जन्मला. लायडनला पॉल एरनफेस्टचा विद्यार्थी, मग एरनफेस्टनेच त्याला कोपनहेगनला नील्स बोरकडे नेलं. हा बोर एवढा मोठा माणूस आहे का हे बघायला म्हणे कॅसिमिरच्या वडिलांनी पाकिटावर पत्ता नुसता 'नील्स बोर, डेन्मार्क' असा घातला, आणि पत्र बरोबर पोचलं! १९३१ ला डॉक्टरेट, मग झुरिकला वोल्फगँग पाउली ह्या भौतिकशास्त्रज्ञाचा असिस्टंट. १९३४ मधे गोर्टरबरोबर सुपरकंडक्टिव्हिटीचं (अतिथंड धातूतून वीज विनाअडथळा वाहते त्याचं) टू-फ्लुइड मॉडेल. पुढे लायडनलाच प्रोफेसर, पण जर्मनांनी हॉलंड घेतल्यावर युनिव्हर्सिटी बंद पडली आणि १९४२ मधे तो आइंटहोफेनला फिलिप्सच्या लॅबमधे गेला. आपल्याकडे बल्ब आणि रेडिओवर जे नाव असायचं तेच हे फिलिप्स. पुढे तो तिथे रिसर्चचा डायरेक्टर झाला, कंपनीच्या बोर्डावरही गेला.

आता मुद्दा. फिलिप्समधे ओव्हरबेक नावाचा केमिस्ट द्रवात तरंगणाऱ्या क्वार्ट्झच्या बारीक भुकटीवर काम करत होता. हे कण एकमेकांना किती ओढतात ह्याची एक थिअरी त्याने फरवाय ह्या सहकाऱ्याबरोबर केलेली, पण प्रयोगात असं दिसत होतं की कण लांब असले की ओढ थिअरीपेक्षा जास्त वेगाने कमी होते. का?

ही ओढ म्हणजे व्हॅन डर वाल्स फोर्स. अणूवर एकूण चार्ज नसतो, पण त्यातले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असे होतात, त्यामुळे बाहेर एक बारीकसं इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं, ते शेजारच्या अणूला जाणवतं, त्याचेही इलेक्ट्रॉन सरकतात, त्याचं फील्ड परत पहिल्याकडे येतं आणि दोघं ओढले जातात. पण फील्ड काही एका क्षणात पोचत नाही, ते प्रकाशाच्या वेगाने जातं. अणू लांब असतील तर शेजाऱ्याचं उत्तर परत येईपर्यंत पहिल्याचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे गेलेले असतात, म्हणजे उत्तर शिळं झालेलं असतं! म्हणून ओढ कमी. कॅसिमिर आणि डिर्क पोल्डरने हे गणित केलं, प्रचंड किचकट गणित, आणि उत्तर मात्र एकदम सुटसुटीत आलं: जवळ असताना ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने कमी होते, लांब गेलं की सातव्या.

इतकं सोपं उत्तर आलंय म्हणजे त्याला सोपं कारणही असणार असं कॅसिमिरला वाटत राहिलं. कोपनहेगनला बोरबरोबर फिरायला गेला असताना त्याने हे बोरला सांगितलं, तर बोर झीरो पॉइंट एनर्जीबद्दल काहीतरी पुटपुटला. तेवढ्यावरून कॅसिमिरने अणू सोडले आणि समोरासमोर ठेवलेले दोन धातूचे पत्रे घेतले.

क्वांटम मेकॅनिक्स म्हणतं की सगळा उजेड, सगळी उष्णता काढून घेतली तरी विद्युतचुंबकीय लहरीच्या प्रत्येक प्रकारात थोडी ऊर्जा उरतेच, हीच झीरो पॉइंट एनर्जी किंवा व्हॅक्यूम एनर्जी. दोन पत्र्यांच्या मधे मात्र वाटेल ती लहर मावत नाही, तंबोऱ्याची तार जशी दोन्ही टोकांना बांधलेली असल्याने ठराविकच लांबीच्या लहरींनी हलते तसंच. आता आतल्या सगळ्या लहरींच्या ऊर्जेची बेरीज करा, अनंत येते. पत्रे लांब नेऊन परत बेरीज करा, तीही अनंत. अनंतातून अनंत वजा कसं करायचं? तर अगदी छोट्या लहरी, म्हणजे एक्स-रे आणि त्याच्या पुढच्या, धातूतून आरपार जातात, पत्रा आहे की नाही हे त्यांना कळतच नाही, त्यामुळे दोन्ही बेरजांतून त्या सारख्याच कटतात. उरतो तो एक छोटा, मोजता येणारा फरक, आणि पत्रे जवळ आणले की तो घटतो म्हणून पत्रे ओढले जातात. दाब अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, आणि सूत्रात फक्त प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि अंतर. धातू कुठला ह्याचा पत्ताच नाही! १९४८ मधे हा छोटासा पेपर आला.

पण इथेच गफलत होते. सूत्रात इलेक्ट्रॉनचा चार्ज दिसत नाही कारण कॅसिमिरने आदर्श धातू धरला होता, चार्ज शून्य केला तर धातू धातूच राहत नाही आणि ओढही जाते. एमआयटीच्या रॉबर्ट जॅफीने २००५ मधे दाखवलं की झीरो पॉइंट एनर्जीचं नाव न घेताही हा फोर्स काढता येतो. म्हणजे हा व्हॅक्यूम एनर्जीचा पक्का पुरावा नाही. आणि फुकट वीज तर नाहीच, कारण पत्रे जवळ येताना जेवढी ऊर्जा मिळते तेवढीच ते परत लांब करायला घालावी लागते, स्प्रिंगसारखंच. 'क्वांटम हीलिंग'वाले हेच नाव घेऊन लोकांकडून पैसे काढतात ते तर सरळ सरळ फसवणूक आहे.

आकडे बघा म्हणजे कळेल. पत्रे एक मायक्रॉनवर (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतील तर एक चौरस सेंटिमीटरवर फोर्स जेमतेम १३ मायक्रोग्रॅमच्या वजनाइतका. त्याच्याही शंभराव्या भागावर, म्हणजे १० नॅनोमीटरवर मात्र सूत्राप्रमाणे दाब वातावरणाच्या दाबाएवढा होतो (खऱ्या धातूत कमी). मोजणं अवघड, कारण धूळ नको, उरलेला चार्ज नको, पत्रे अगदी समांतर हवेत. १९५८ मधे फिलिप्समधेच स्पार्नायने प्रयत्न केला, पण मोजमापातली संभाव्य चूक जवळजवळ उत्तराएवढीच होती. १९९७ मधे सिॲटलला स्टीव्ह लॅमोरोने एक सपाट आणि एक गोलसर पृष्ठभाग घेऊन सुमारे ५ टक्क्यांपर्यंत मोजमाप केलं, पुढच्या वर्षी मोहिदीन आणि अनुश्री रॉयने १ टक्क्यापर्यंत. कॅसिमिर तेव्हा हयात होता, तो २००० मधे गेला.

आता हा फोर्स इंजिनिअरांच्या वाट्याला आलाय, सिलिकॉनची सूक्ष्म यंत्रं करताना बारीक भाग एकमेकांना चिकटून बसतात त्याचं हे एक कारण. २००९ मधे मंडे, कपासो आणि पार्सेजियन ह्यांनी सोनं आणि सिलिका ब्रोमोबेंझीन नावाच्या द्रवात ठेवून ओढ उलटवून दाखवली, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना ढकलायला लागले. मधे योग्य द्रव हवा एवढंच, आणि हे गणित लिफ्शिट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकातच करून ठेवलं होतं.