अमेरिकेचं '४५क्यू' टॅक्स क्रेडिट: कोणाला मिळतं, कागद कोणते आणि तपासतं कोण

धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली खोल गाडला, तर अमेरिकेत टनामागे ८५ डॉलर भरायच्या करातून थेट वजा होतात. हवेतून शोषून गाडला तर १८०. आयकर कायद्याच्या ४५क्यू कलमातली ही सवलत २००८ पासूनची. तेव्हा दर २० डॉलर होता. पुण्यात बसून अमेरिकी करविवरणं तयार करणाऱ्यांपैकी काहींच्या टेबलावर हा विषय येतोच, म्हणून ही माहिती.

दावा करतो तो कार्बन पकडणाऱ्या यंत्रसामग्रीचा मालक. तो हे क्रेडिट वायू गाडणाऱ्या कंपनीला देऊ शकतो, तिसऱ्या करदात्याला विकूही शकतो. वर्षाला किमान किती पकडायचा, तेही ठरलेलं आहे: हवेतून शोषणाऱ्या प्रकल्पाला १,००० मेट्रिक टन, वीजकेंद्राला १८,७५०, इतर कारखान्यांना १२,५००. बांधकाम १ जानेवारी २०३३ च्या आत सुरू व्हायला हवं. यंत्रणा चालू झाली की पुढे १२ वर्षं क्रेडिट मिळतं. वर सांगितलेले दर मात्र कामगारांना प्रचलित वेतन देणाऱ्या आणि शिकाऊ उमेदवारांची अट पाळणाऱ्यांसाठी आहेत. ते केलं नाही तर हातात पाचवा हिस्सा, म्हणजे ८५ चे १७.

आता कागद. दरवर्षी विवरणासोबत फॉर्म ८९३३ जोडायचा. वायू कायमचा गाडायच्या विहिरीला 'क्लास सिक्स' परवाना लागतो. तो पर्यावरण संस्था ईपीए देते, किंवा नॉर्थ डकोटासारख्या ज्या राज्यांना अधिकार मिळालेत ती राज्यं. काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर त्याच्याशी लेखी, बंधनकारक करार हवा. आणि सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ईपीएने मंजूर केलेला 'एमआरव्ही' आराखडा: गळती कशी शोधणार, किती वायू खाली राहिला हे कसं मोजणार, याचा. तेलविहिरीतून जास्त तेल काढायला वायू वापरला असेल, तर त्याऐवजी आयएसओ २७९१६ मानकाचा मार्ग चालतो. मात्र स्वतंत्र इंजिनिअर किंवा भूवैज्ञानिकाचा दाखला लागतो.

या आराखड्यावर एवढा भर का? एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी करखात्यावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी सिनेटर बॉब मेनेंडेझ यांना एक पत्र लिहिलं. २०१० ते २०१९ मध्ये दावा झालेल्या सुमारे १०० कोटी डॉलरपैकी जवळजवळ ८९ कोटी ४० लाखांच्या दाव्यांमागे ईपीएच्या अटींची पूर्तताच नव्हती! करखात्याने तोवर ५३ कोटी १० लाख डॉलरचे दावे फेटाळले होते. माझ्या मते दोष रचनेतच आहे. पैसे देणाऱ्या खात्याला भूगर्भ कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याच्या हातात तिजोरी नाही. शिवाय करविवरणं गोपनीय, त्यामुळे कोणी किती घेतलं हे बाहेरच्याला दिसतच नाही.

क्रेडिट मिळालं म्हणजे सुटलो, असंही नाही. वायू गळाला तर आधी तो त्या वर्षी गाडलेल्यातून वजा होतो. गळती त्याहून जास्त असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार मागच्या तीन वर्षांचं क्रेडिट परत द्यावं लागू शकतं, अलीकडच्या वर्षापासून मागे मोजत.

सप्टेंबर २०२५ मध्ये ईपीएनेच आपला हरितगृह वायू अहवाल कार्यक्रम बराचसा बंद करायचा प्रस्ताव मांडला. एमआरव्ही आराखडे ज्या नियमांखाली मंजूर होतात, ते याच कार्यक्रमातले. त्यामुळे दावा भरण्याआधी त्या वर्षाच्या अहवालाबद्दल करखात्याची ताजी सूचना काय म्हणते, ते पाहूनच फॉर्म भरा.